पॉइंट नंतर गोळा करा, आधी वेळापत्रक मागा

गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न महापालिकेचा नाही, गोकुळचा नाही नि उसाच्या दराचाही नाही. प्रश्न असा : "कुठल्या विमान कंपनीचं मेंबर व्हावं? आणि कुठलं क्रेडिट कार्ड घेतलं की विमानाचे पॉइंट जास्त मिळतात?"

विचारणारी माणसंही ठरावीक. शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखानदार. हुपरीचे चांदीवाले. गांधीनगरचे कापड व्यापारी. मुलगी बेंगळुरूला नोकरी करते असे निवृत्त शिक्षक. यूट्यूबवर कोणीतरी दिल्ली-मुंबईचा तरुण सांगतो की अमुक कार्ड घेतलं आणि मी फुकटात युरोपला जाऊन आलो. ते बघून आपल्या माणसाला वाटतं, आपणच मागं राहिलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. कोल्हापूरच्या विमानतळावरून उडताना कुठल्याच कंपनीचे भक्त होऊ नका. तिथे तुमची निष्ठा वेळापत्रकाला द्या. पॉइंट गोळा करायचेच असतील तर ते मुंबईहून पुढच्या लांबच्या प्रवासावर करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : आपली निष्ठा पॉइंटच्या बदल्यात सुटी सुटी विकू नका. ती सगळ्यांनी मिळून ठोक भावात विका.

आता हे का म्हणतो, ते सविस्तर.

यूट्यूबवरचा तरुण खोटं बोलत नाही. पण त्याच्या शहरात एकाच मार्गावर दिवसाला दहा-वीस विमानं असतात. सकाळी सहाचं चुकलं तर सातचं आहे. एक कंपनी महाग वाटली तर दुसरी आहे. तिथे कंपन्यांना गिऱ्हाईक बांधून ठेवायचं असतं, म्हणून पॉइंटचं आमिष. आपल्याकडे उजळाईवाडीला एका मार्गावर बहुतेक वेळा एकच कंपनी असते. जिथे दुसरा पर्यायच नाही, तिथे तुम्ही आधीच बांधलेले आहात. मग पॉइंट देऊन तुम्हाला अजून काय बांधायचं?

जरा मागे वळून बघू. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली आपला विमानतळ सुरू झाला. म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासून आपल्याकडे धावपट्टी आहे. पण नियमित प्रवासी विमानाची गोष्ट म्हणजे आला-गेला पाहुणा. किंगफिशरचं मुंबई विमान होतं, ते २०११ मध्ये बंद पडलं. मग २०१८ पर्यंत शुकशुकाट. 'उडान' योजनेत २०१८ च्या एप्रिलमध्ये एअर डेक्कनचं मुंबई विमान आलं, ते फार काळ टिकलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अलायन्स एअर हैदराबाद-बेंगळुरूसाठी आली आणि पुढे गेली. २०१९ मध्ये इंडिगो आली, ट्रूजेटचं मुंबई विमान आलं. २०२२ च्या फेब्रुवारीत ट्रूजेटचा सगळा कारभारच थांबला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई मार्गावर स्टार एअर आली. तिरुपतीचं विमान सुरू होणं, बंद पडणं, पुन्हा सुरू होणं हे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. अंबाबाई आणि बालाजी दोन्ही करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता विचार करा. यातल्या प्रत्येक कंपनीचं कार्ड खिशात ठेवून कोणी पॉइंट जमवत बसला असता तर आज त्याच्या हातात काय असतं? कार्डांचा पत्त्यांचा कॅट.

आणि हे फक्त लहान कंपन्यांचं नाही. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, तिचे पॉइंट तिच्याबरोबर गेले. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजनं शेवटचं उड्डाण केलं. तिच्या मैलांचा कारभार वेगळ्या कंपनीकडे होता, म्हणून ते नाव बदलून पुढे चालू राहिले, पण ज्या विमानासाठी मैल जमवले ते विमानच राहिलं नव्हतं. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट वर्ग झाले खरे, पण नियम नव्या घरचे लागू झाले. पॉइंट हे बँकेतलं खातं नव्हे. ते कंपनीनं दिलेलं वचन आहे, त्याची मुदत कंपनी ठरवते आणि भावही कंपनीच ठरवते. आज दहा हजार पॉइंटला मिळणारं तिकीट उद्या पंधरा हजाराला केलं तर तुम्ही कुठल्या कोर्टात जाणार?

त्यामुळे पहिला नियम : मेंबर सगळीकडे व्हा, फुकट असतं. साठा कुठेच करू नका. एखादं तिकीट निघण्याइतके पॉइंट झाले की वापरून मोकळे व्हा.

आता पैशाचा हिशेब मांडू. समजा शिरोलीचा एक कारखानदार महिन्यातून एकदा मुंबईला विमानानं जाऊन येतो. एका फेरीला सात हजार धरले तर वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. पॉइंटच्या रूपानं त्यातले चार टक्के परत आले असं धरा. तीन हजार तीनशे साठ रुपये. वर्षाला! आणि पॉइंटवर तिकीट काढलं तरी कर आणि काही शुल्क बहुधा रोखच भरावं लागतं, ते वेगळं.

आता दुसरी बाजू. विमान दुपारी असेल तर काय होतं? सकाळचा वेळ जातो, मुंबईत पोचेपर्यंत ऑफिसं सुटायची वेळ. काम दुसऱ्या दिवशी. म्हणजे हॉटेल, जेवण, टॅक्सी. एका मुक्कामाला चार-पाच हजार कुठे गेले कळत नाही, आणि कामाचा एक दिवस बुडाला त्याची किंमत वेगळीच. वर्षभराचे पॉइंट एका चुकीच्या वेळेच्या विमानानं खाल्ले. याउलट महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री बसलं की सकाळी मुंबई. काम करून पुन्हा रात्री बसलं की सकाळी घरी. विमानाची खरी स्पर्धा त्या रेल्वेच्या बर्थशी आहे, दुसऱ्या कंपनीच्या पॉइंटशी नाही.

म्हणून दुसरा नियम : घरच्या विमानतळावर कंपनी निवडताना चार गोष्टी बघा. रोज उडते की आठवड्यातून तीन-चारदा? जायची-यायची वेळ तुमच्या कामाला बसते का? गेल्या दोन महिन्यांत किती वेळा रद्द झालं? (हे जाहिरातीत नसतं, नेहमी जाणाऱ्या चार जणांना विचारा.) आणि रद्द झालं तर पुढचं विमान कधी? विमान कंपनीनं रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा हा तुमचा हक्क आहे. पण पर्यायी विमान परवा असेल तर त्या हक्काचं लोणचं घालायचं का? तक्रार करायची तर सरकारचं 'एअरसेवा' पोर्टल आहे, वापरा. नुसतं व्हॉट्सॲप ग्रुपवर शिव्या घालून काही होत नाही.

तिसरा नियम पुढच्या प्रवासाचा, आणि इथे मात्र एका कंपनीला धरून राहण्यात खरा फायदा आहे. तुम्ही कोल्हापूरहून हैदराबाद किंवा बेंगळुरू गाठून पुढे दिल्ली, कोलकाता, कुठेही जाणार असाल तर शक्यतो दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर काढा. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं हुकलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम होतं. सामानही बहुधा थेट पुढे जातं. दोन वेगळी तिकिटं काढून पाचशे-सातशे रुपये वाचवले आणि पहिल्याला दीड तास उशीर झाला, तर दुसरी कंपनी म्हणणार, "तुम्ही वेळेवर आला नाहीत." तिचं चुकतही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमान घिरट्या घालतं किंवा दुसरीकडे वळतं, हे धरूनच चाला.

चौथा नियम परदेशाचा. ज्यांची मुलं अमेरिका, जर्मनी, आखातात आहेत त्यांच्यासाठी पॉइंट ही खरोखर कामाची गोष्ट आहे. दोन माणसांचं परदेशाचं एक जाणं-येणं म्हणजे लाखाच्या पुढचं बिल. तिथे चार टक्क्यांचाही अर्थ लागतो. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स यांच्या विमानांवरही एकाच खात्यात पॉइंट जमा करता येतात, तिकिटाच्या प्रकारानुसार. इंडिगोनं पहिली अठरा वर्षं असली काही योजनाच ठेवली नव्हती, २०२४ मध्ये 'ब्ल्यूचिप' आणली. तुमचा मुलगा कुठल्या शहरात राहतो, तिथे थेट किंवा एका थांब्यात कोण जातं ते बघा आणि त्या गटाचं एकच खातं धरा. इथे चार ठिकाणी चार-चार पॉइंट पेरून पीक येत नाही.

आणि क्रेडिट कार्ड? वर्षाला चार-सहा वेळा उडणाऱ्या माणसानं वार्षिक फी भरून विमानाचं कार्ड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. फी किती, तुमच्या नेहमीच्या खर्चावर पॉइंट किती, त्या पॉइंटला तिकिटात भाव किती, हे कागदावर मांडा. पॉइंटसाठी जास्त खर्च करायला लागलात तर समजा, मासा तुम्ही आहात. आणि एक महिना बिल थकलं की त्या व्याजात दोन वर्षांचे पॉइंट वाहून जातात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या दृष्टीनं हा प्रश्न वैयक्तिक बचतीचा कमी आणि शहराचा जास्त आहे.

उडान योजना कशी चालते बघा. ठरलेल्या मार्गावर कंपनीला तीन वर्षं सरकारकडून तुटीची भरपाई मिळते आणि त्या काळात तो मार्ग तिचा एकटीचा असतो. बदल्यात काही खुर्च्या मर्यादित भाड्यात द्यायच्या. तीन वर्षांनी भरपाई बंद, कंपनीनं स्वतःच्या पायावर उभं राहायचं. उभं राहतं का? 'कॅग'नं २०२३ च्या अहवालात हिशेब मांडलाय. उडानच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही टिकून राहिलेले मार्ग किती? ५४.

शेजारी सिंधुदुर्ग बघा. चिपी विमानतळाचं ९ ऑक्टोबर २०२१ ला वाजतगाजत उद्घाटन झालं, मुंबईचं विमान सुरू झालं. तीन वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते विमान बंद झालं. आपल्याकडेही १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. देखणी इमारत आहे, अभिमान आहेच. पण इमारत विमान आणत नाही. विमान आणते भरलेली खुर्ची.

आणि इथेच आपल्या हातात एक ताकद आहे, जी दिल्लीवाल्याच्या हातात नाही. आपल्याकडे येणारी विमानं लहान आहेत. इंडिगोच्या एटीआरला ७८ खुर्च्या, स्टार एअरच्या मोठ्या एम्ब्रेअरला ७६. त्यात रोज दहा खुर्च्या भरल्या किंवा रिकाम्या राहिल्या, की बारा-तेरा टक्क्यांचा फरक पडतो. मार्ग तरतो की मरतो हे तेवढ्यात ठरतं. दिल्ली-मुंबईत दहा माणसांनी कंपनी बदलली तर कोणाला पत्ताही लागत नाही. कोल्हापुरात दहा माणसं म्हणजे विमानाची दीड-दोन हप्त्यांची चर्चा.

एकट्या शेतकऱ्यानं दूध विकलं तर भाव घेणाराच ठरवणार, हे आपल्या जिल्ह्याला साठ वर्षांपूर्वी कळलं आणि गोकुळ उभा राहिला. ऊसदर ठरल्याशिवाय कांडं तोडू न देणारा हा जिल्हा. टोल घालवणारं हे शहर. वकिलांनी आणि लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे आलं. मग विमानाच्या बाबतीतच आपण एकेकटे, आपापला मोबाइल घेऊन पॉइंट का मोजत बसलोय?

माझी सूचना साधी आहे. गोशिमा, स्मॅक, इंजिनिअरिंग असोसिएशन, चेंबर ऑफ कॉमर्स यांनी आपापल्या सभासदांची यादी करावी. कोण, कुठल्या शहरात, महिन्याला किती वेळा, कुठल्या वारी, कुठल्या वेळेला जातो. त्यात डॉक्टरांच्या, वकिलांच्या संघटना याव्यात. ही एकत्र आकडेवारी घेऊन कंपन्यांशी बोलावं : सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं विमान द्या, आम्ही महिन्याला इतक्या खुर्च्यांची हमी देतो. लहान उद्योगांसाठी वेगळं कॉर्पोरेट भाडं बऱ्याच कंपन्यांकडे असतं, त्यात तारीख बदलणं स्वस्त पडतं. तेही एकत्र मागावं. खासदार-आमदारांकडे जाताना 'नवीन मार्ग द्या' असं मोघम निवेदन नको. मुंबईत सकाळचा स्लॉट मिळवून द्या, म्हणून बसा. मुंबईच्या जुन्या विमानतळावर स्लॉटची मारामारी आहे हे खरं, पण आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. मागायला जागा आहे.

यावर दोन आक्षेप येतील, तेही घेतो.

एक : स्टार एअर आपल्याच जिल्ह्यातल्या घोडावत समूहाची. मग तिलाच सगळ्यांनी धरून राहायला नको का? इथून उभ्या राहिलेल्या माणसानं विमान कंपनी काढली याचा मलाही अभिमान आहे. पण आपल्या माणसाची म्हणून डोळे झाकू नयेत आणि आपल्या माणसाची म्हणून दगडही मारू नयेत. शहराला एका मार्गावर दोन कंपन्या असणं हेच हिताचं. एकाच कंपनीवर सगळं टाकलं की काय होतं ते देशानं २०२५ च्या डिसेंबरात पाहिलं. इंडिगोचं वैमानिकांच्या ड्यूटीचं नियोजन कोलमडलं, एकाच दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली आणि लोक विमानतळावर जमिनीवर झोपले. कंपनी मोठी होती, देशातली सगळ्यात मोठी. म्हणूनच फटकाही मोठा बसला.

दोन : वर्षातून एकदा उडणाऱ्या सामान्य माणसाचं यात काय? त्याचंच जास्त आहे. कारखानदार गाडी काढून बेळगावला किंवा पुण्याला जाऊन विमान पकडेल. हैदराबादला उपचारासाठी आई-वडिलांना नेणाऱ्या माणसाला ते जमत नाही. मार्ग बंद पडला की पहिला तो अडकतो. नेहमी जाणाऱ्यांनी खुर्च्या भरल्या तरच त्याच्या गरजेच्या दिवशी विमान असेल.

जाता जाता एक गोष्ट, थोडी टोचेल. कंपनीच्या, संस्थेच्या, सरकारच्या पैशानं काढलेल्या तिकिटाचे पॉइंट प्रवाशाच्या खात्यात पडतात. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलंय की सरकारी दौऱ्यावर मिळालेले पॉइंट सरकारी प्रवासासाठीच वापरायचे. आपल्याकडच्या सहकारी संस्थांमध्ये, जिथे अभ्यासदौऱ्यांची हौस दांडगी आहे, असा ठराव कोणी केलाय का? पुढच्या वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारा. सभासदाच्या पैशाचे पॉइंट सभासदाच्या संस्थेचे.

मी कुठल्या विमान कंपनीचं फुकट तिकीट घेतलेलं नाही आणि कुठल्या कार्डाची लिंक खाली देणार नाही. खाली कमेंटमध्ये तुम्ही एवढंच लिहा : कुठल्या शहराला जाता, वर्षातून किती वेळा, आणि सकाळी किती वाजताचं विमान असतं तर रेल्वे किंवा गाडी सोडून विमान घेतलं असतं. नाव-नंबर लिहू नका, तीन ओळी पुरेत. पंधरा दिवसांत जेवढे जमतील त्यांचा तक्ता करून मी तो गोशिमा, स्मॅक आणि चेंबरच्या कार्यालयात नेऊन देतो, आणि तिथे काय उत्तर मिळालं ते इथेच लिहितो.